हरणीच्या पाठीवरचं जीन

"बदला म्हनावं, अजून येक बदला. जिनंच तेवढी वाईट निघत्यात." घोडीच्या पोटाखालचा तंग आवळता आवळता कारभारी नावाचा मोतद्दार पुटपुटला. त्याचं तोंड माझ्या कातड्याला टेकलं होतं, म्हणून ते मला ऐकू आलं. आणि हरणीला. पण हरणी पडली घोडी, ती कुणाला सांगणार?

मित्रांनो, मी एक जुनं जीन आहे. आत लाकडाचा सांगाडा, वर म्हशीचं कातडं, खाली लोकर भरलेल्या दोन गाद्या. माझा जन्म भिंगारच्या छावणीतला. तिथं रोज मला तेल चोळत आणि येणारे-जाणारे माझी तारीफ करत. मग लढाईच्या दिवसांत पलटणीचे घोडे गेले, मोटारी आल्या. आम्हां जिनांचा एक ढीग झाला. मी तळाशी होतो. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. जिनाला दुखत नाही. ओझं कुठं पडतंय, एवढंच त्याला कळतं.

भिंगारच्या बाजारात जिनं शिवणाऱ्या मोहियोद्दीनभाईंनी मला त्या ढिगातून उचललं, नवी लोकर भरली आणि दुकानात खुंटीला टांगलं. तिथून मी कोल्हारच्या आप्पासाहेबांकडे आलो. दसऱ्याला सोनं लुटायला गाव शिवेवर जातं, तेव्हा सगळ्यांच्या पुढं घोडीवर बसून जायचा मान त्यांच्या घराण्याचा. पण त्या वर्षी हरणीची पाठ सारखी सोलवटत होती. माझ्याआधी आलेली जिनं नापसंत होऊन परत गेली होती.

जीन पसंत करायची मोहियोद्दीनभाईंची एक रीत होती. घोडीची पाठ ओल्या फडक्यानं पुसायची. जिनाच्या गाद्यांना चुलीतली चाळलेली राख फासायची. मग जीन कसून स्वाराला बसवायचं आणि प्रवरेच्या काठानं एक फेरी मारून आणायची. जीन उतरवलं की पाठीवर राखेचा ठसा दिसतो. दोन्ही बाजूंना सारखा उमटला, तर ते जीन त्या घोडीचं. राख चाळून आणायच्या आप्पासाहेबांच्या पत्नी चांगुणाबाई.

आप्पासाहेब माझ्यावर पहिल्यांदा बसले तेव्हाच मला कळलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. घरात त्याला सर्दी म्हणत. कारभारी त्यांना कमरेला धरून वर चढवी आणि त्यांचा डावा पाय स्वतःच्या हातानं रिकिबीत घाली. आप्पासाहेब तेवढ्यात लिंबाच्या झाडाकडे बघत. सगळेच त्या झाडाकडे बघत. इतकं बघण्यासारखं त्या लिंबात काही नव्हतं.

फेरी झाली. ठसा डावीकडे गडद, उजवीकडे नुसता धुरकट. मोहियोद्दीनभाईंनी तो बघितला आणि तळहातानं पुसून टाकला. लोकर जरा कमीजास्त करतो, म्हणाले. त्यांनी माझी डावी गादी जास्त भरली. आप्पासाहेब सरळ दिसू लागले. दिसू लागले, एवढंच. हरणीच्या डाव्या खांद्यामागचं कातडं मात्र आता पार निघालं. मला ते ओलं लागायचं.

मित्रांनो, तुम्ही कधी जीन घ्याल तेव्हा कातडं बघा, टाके बघा, पण आधी जनावराची पाठ बघा. मग बसणाऱ्याकडेही बघा, आणि जे दिसेल ते त्याला सांगा. तेल मागाहून लावलं तरी चालतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी झाली. हरणी अर्ध्या वाटेतच थांबली. कारभारीनं तिला चुचकारत परत आणलं, आप्पासाहेबांना उतरवलं, मला काढून गोठ्यातल्या कठड्यावर ठेवलं.

"भाई, हे बी जीन गेलं," आप्पासाहेब म्हणाले. "उद्या दसरा हाय. दुसरं दाखवा."

"हाय ना दुकानात. आज सांजच्याला आणतो," मोहियोद्दीनभाई म्हणाले आणि ठसा पुसायला त्यांनी हात पुढं केला.

"पुसू नका, भाई."

चांगुणाबाई चाळणी घेऊन दारात उभ्या होत्या. परक्या माणसासमोर त्या कधी बोलत नसत. त्यांनी चाळणी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि गोठ्यात आल्या. नवऱ्याचा डावा हात त्यांनी उचलला आणि हरणीच्या उघड्या पडलेल्या जखमेवर हलकेच टेकवला. हरणी सगळ्या अंगानं थरथरली. आप्पासाहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ही का थरथरली म्हणून. मग त्यांनी खाली आपल्या हाताकडे बघितलं. बोटांना रक्त लागलं होतं. त्यांना कळलंच नव्हतं.

कारभारी लिंबाकडे बघायला लागला.

"अवो," चांगुणाबाई म्हणाल्या, "जीन चांगलं हाय. घोडी बी चांगली हाय. तुमचं डावं अंग गेलंय. आता तुमी घोडीवर बसायचं न्हाई."