पाच नंबरचं तेल

“आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असं नसतं. म्हाताऱ्याला पैलवानाचा खुराक घालायचा नाही.”

जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल ओतताना थोरला दर वेळी हेच सांगायचा. ताई, म्हणजे त्याची बहीण, शेजारी नरसाळं धरून उभी असायची आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हूं म्हणायची.

थोरला गेला त्याला वर्ष होत आलं. त्याचा जुना ट्रॅक्टर मात्र थांबला नव्हता. शेतातली कामं नव्या ट्रॅक्टरवर होत. जुना घेऊन धाकटा भाऊ रोज सकाळी आवारात एक फेरी मारायचा, ती केवळ वहिनीसाठी, थोरल्याच्या बायकोसाठी. तो आवाज कानी पडला की ती खिडकीशी येऊन बसे, घोटभर चहा घेई, चार शब्द बोले. एरवी तिने अंथरूणच धरलं होतं.

परवापासून गिअर कण्हायला लागले. वहिनीने खिडकी लावून घेतली. शेवटी शेवटी हेही असेच कण्हायचे, एवढंच ती म्हणाली.

म्हणून आज ताईने गिअरबॉक्स उघडला. जुनं तेल परातीत उतरलं. धाकट्याने परात उन्हात तिरकी केली, तर तेलात पिवळी भुकटी चमकत होती. दादाने जाता जाता आपल्यासाठी सोनं पुरून ठेवलं होतं की काय, असं तो हसत म्हणाला. ताईला हसू आलं नाही. तिने आतले पितळी बुश, फिरत्या दांड्यांभोवतीच्या कड्या, काढून फडक्यावर मांडले. काळवंडलेले, कडा खाल्लेले. तेल कुठलं घातलं होतंस, तिने हळूच विचारलं.

तो कौतुकाने सांगू लागला. दादा आपला चार नंबरचंच घालायचा, चिक्कू कुठला. आपण दुकानातलं सगळ्यात भारी, पाच नंबरचं आणलं. दादाच्या गाडीला हात आखडता कशाला घ्यायचा? बोलता बोलता त्याची नजर फडक्यावर गेली, तिथून परातीवर, आणि तो थांबला.

नव्या गाडीच्या पोलादाला ते तेल म्हणजे अमृत. जुन्या पितळेला मात्र त्यातला गंधक कुरतडत राहतो. सोसायची ताकद देवाने माणसाला दिली, पितळेला नाही.

“ताई, हे माझ्या तेलाने झालं?”

खोटं तिला बोलवेना. तिने होकारार्थी मान हलवली.

धाकटा चाकाला टेकून खालीच बसला. डोळे पुसताना हातांचं काळं तोंडभर लागलं. दादा असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता, तो पुटपुटला. खरंच होतं ते. शिव्या घालणारं माणूसच उरलं नव्हतं.

“वहिनी परत खिडकीत येऊन बसेल ना गं?”

“बसेल. शब्द देते तुला.”

असे बुश आता विकत मिळत नाहीत, लेथ यंत्रावर कातून नवे घडवून घ्यावे लागतात. ताईने जुने नमुन्याला म्हणून फडक्यात बांधले. बंद खिडकीखालून जाताना तिने चपलांचा आवाज होऊ दिला नाही, आणि लेथवाल्याच्या शेडची वाट धरली.