दगडूचे मासे

आमच्या घरात एक कासव आहे. नाव दगडू, आणि अक्कलही त्याच बेताची. लेकीने हट्ट करून आणलं, पण त्याचं पोट सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठवड्यातून दोनदा त्याला जिवंत मासे लागतात, बाकी दिवस पाला आणि गोळ्या. दुकानातल्या माशांचा भरवसा नाही, म्हणून मी मागच्या गॅलरीत टबात गप्पी वाढवते. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवायचं, त्यातल्या औषधाचा वास उडाला की मगच टबात घालायचं. नवा मासा आणलाच तर आधी काही आठवडे वेगळ्या बादलीत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत ना, पंख मिटून कोपऱ्यात बसत नाही ना, हे बघायचं. माशाचं पोट नीट भरलेलं असलं तरच तो कासवाच्या अंगी लागतो, म्हणून उकडलेला वाटाणा साल काढून, कुस्करून त्यांना घालायचा. स्वतःच्या जेवणाची मी एवढी काळजी कधी घेतली नाही.

एवढं करून माशांची वाटी द्यायची कोणाला? तर माझ्या धाकट्या जावेला. कारण दगडू तिच्याच हातून खातो. ती टाकीजवळ आली की मान लांब करून काचेवर धडका मारतो. मी आले की डोकं आत. लेक टाळ्या पिटते, "काकू, तुला बघून हसला गं तो!" कासव हसतं म्हणे! आयत्या पिठावर रेघोट्या कशा ओढाव्यात ते आमच्या जाऊबाईंकडून शिकावं.

नुसत्या कासवाचं असतं तर मी गिळलं असतं. पण लेकीचंही तेच. वेणी घालायला मी, पाढे घ्यायला मी, कडू औषध पाजायला मी, आणि शाळेतली गंमत सांगायला काकू. माझ्या पोटात दुखायचं, सरळ सांगते.

म्हणून दीर-जावेने वेगळं घर घेतलं तेव्हा मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. त्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, दगडूला काकूकडेच देऊ या. इथे तो जेवणार नाही. मी शनिवार-रविवार जाऊन राहीन ना त्याच्याजवळ."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कासव गेलं तर गेलं, पण लेकीचे तेवढेच दोन मोकळे दिवस!

मग मी त्या दगडाची मनधरणी सुरू केली. नवऱ्याची कधी केली नसेल एवढी. जावेसारखं लाडात बोलून पाहिलं. शेवटी तिचा पिवळा गाऊन अंगात घालून टाकीपाशी बसले. दगडूने मान बाहेर काढली, वर माझं तोंड पाहिलं आणि पुन्हा आत. तेवढ्यात नवरा आला.

"हा तिचा गाऊन ना?"

"तुम्ही गप्प बसा."

दगडू गेला. सोबत टबातले निम्मे गप्पी डब्यात भरून दिले. "पाणी दिवसभर ठेवून मगच वापर," असंही जावेला बजावलं. शनिवार आला तशी लेक पिशवी भरून निघून गेली. घर खायला उठलं.

रविवारी संध्याकाळी तिला सोडायला जाऊच आली. हातात तोच डबा, रिकामा. लेकीचे डोळे रडून सुजलेले.

"वहिनी, सगळे मेले हो. तुम्ही म्हणालात तसंच पाणी ठेवलं होतं."

"कशात?"

"पिंपात. झाकण घट्ट लावून."

हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. पाणी उघडं ठेवायचं नाही, हे सासूबाईंनी आम्हा दोघींच्या हाडीमाशी खिळवलेलं. झाकल्यावर औषध उडणार कुठून? उघडं ठेव असं वेगळं सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"झाकण काढ," एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. शब्द ओठांवर आले होते. पण लेक जावेचा पदर धरून उभी होती.

"हे तुझ्याच्याने व्हायचं नाही गं," मी म्हणाले. "दगडूला परत आण."

लेक धावत येऊन मला बिलगली. बऱ्याच दिवसांनी. मी तिच्या डोक्यावरून जावेकडे पाहिलं. ती बिचारी मान डोलवत होती.

दगडू परत आला. पण खायचं त्याला तिच्याच हातून. तेव्हा माशांच्या दिवशी जाऊ येते, आठवड्यातून दोनदा, आणि माझ्या हातचं जेवून जाते. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून तिची वाट बघत दारातच बसते.

मी जाळी घेऊन गॅलरीत जाते. टबावर वाकले की सगळे गप्पी धावत वर येतात, माझ्या बोटांना तोंडं लावतात. या घरात मला बघून धावत येणारे एवढेच. त्यातले धट्टेकट्टे निवडून मी वाटीत भरते आणि जावेच्या हातात देते.