चौथा ठोका

कागद कापायच्या मशीनचं पातं खाली आलं आणि धाकट्याच्या उजव्या हाताची चार बोटं कागदाच्या गठ्ठ्याबरोबर साफ कापली गेली. आवाज नेहमीसारखाच झाला, एकच खच्च, आणि थोरल्याला पुढे महिनाभर तेच सहन होईना. हाड कापलं तर काहीतरी वेगळं वाजायला नको का? धाकटा ओरडला नाही. तो आधी हाताकडे बघत राहिला, मग मशीनला पाठ टेकून खाली बसला. बोंब ठोकली ती पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवणाऱ्या मावशीनं, आणि ती तीन मजले ऐकू गेली.

एका मशीनवर एकच माणूस, असं त्या बाइंडिंगखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण हे दोघे भाऊ सतरा वर्षं एकाच मशीनवर काम करत होते. धाकटा समोरून गठ्ठा आत सरकवायचा आणि तळव्यानं तीन ठोके मारून कडा जुळवायचा. तिसरा ठोका पडला की हात बाहेर, आणि बाजूला उभा असलेला थोरला बटण दाबायचा. तोंडातून शब्द काढायची गरज नव्हती. एखादा कोपरा बाहेर राहिला तर धाकटा चौथा ठोका मारायला पुन्हा आत हात घालायचा. थोरला त्या वेळी थांबायचा. सतरा वर्षांत तो असा हजारो वेळा थांबला असेल. त्या दिवशी थांबला नाही.

आता नशिबाची थट्टा बघा. त्या आठवड्यात जे पुस्तक कापायला आलं होतं ते मनावरचं होतं. प्रेसमधला प्रूफं तपासणारा माणूस, ज्याला सगळे चष्मा म्हणत, रोज चहाच्या वेळी त्यातलं काहीबाही ऐकवायचा. कोण्या जुन्या डॉक्टरनं म्हणे सांगून ठेवलंय, की आपल्या मनाखाली आणखी एक मन असतं. माणूस विसरतो, हरवतो, फोडतो, ते उगाच नव्हे. आत कुठेतरी त्याला तेच हवं असतं. शंभर वर्षं झाली, डॉक्टर गेला, पण त्याचं बोलणं काही मागे हटायला तयार नाही, असं चष्मा मिटक्या मारत सांगायचा. कारखान्याला खेळच सापडला. मावशीच्या हातून नवऱ्यानं दिलेला कप फुटला, तर सगळे खिदळले, "मावशी, मनात होतं तुमच्या!" मावशीही लाजून म्हणाली, "होतं की, वीस वर्षं होतं." थोरला सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

दवाखान्यात धाकट्यानं शुद्धीवर येताच मालकासमोर सांगितलं, "माझाच हात रेंगाळला. दादाची काही चूक नाही." मालकाचा जीव भांड्यात पडला. थोरला बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडला. प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं. सगळ्यांच्या दृष्टीनं ते मिटलंही.

पण थोरल्याच्या डोक्याला भुंगा लागला. त्यानं तो बाहेर राहिलेला कोपरा पाहिला होता. हात पुन्हा आत जातानाही पाहिला होता. त्याच सकाळी मालक म्हणाला होता, "पुढच्या महिन्यात नवं मशीन येतंय, ते धाकटा बघेल. तुझे डोळे आता थकले." थोरल्यानं लगेच धाकट्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना चहा पाजला होता. वाईट वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं, आणि आता त्याला नेमकी त्याचीच भीती वाटू लागली. त्यानं रक्तानं खराब झालेली एक प्रत घरी नेली आणि चिकटलेली पानं नखानं सोडवून वाचली. निम्मं डोक्यावरून गेलं. जे कळलं ते सुरीसारखं आत घुसलं. मग स्वप्नं पडू लागली. स्वप्नात तो पुठ्ठे ठोकायच्या लाकडी हातोड्यानं धाकट्याचं डोकं ठेचायचा, आणि उठला की त्याचे हात खरोखर दुखत असायचे.

एके दिवशी भर दुपारी त्यानं चष्म्याची मानगूट धरली, त्याला ओढत मशीनपाशी नेलं आणि त्याचं डोकं पात्याखाली दाबलं. त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा फरशीवर पडून फुटला. दुसऱ्या हातानं थोरल्यानं मोटर चालू केली.

"सांग. मी मुद्दाम केलं की नाही?"

"नाही रे बाबा, नाही! अपघात होता तो!"

"खोटं बोलतोस. आठवडाभर काय सांगत होतास?"

"मग हो! हो, केलंस! तू म्हणशील ते!"

चष्म्याची पाचावर धारण बसली होती. त्या अवस्थेत तो आपल्या बापाचं नावही बदलून सांगायला तयार होता. मावशीनं मागून येऊन मोटर बंद केली आणि थोरल्याच्या फाडकन मुस्काटात मारली. "अरे, मेल्या, पुस्तकाला काय विचारतोस? भाऊ जिवंत आहे ना तुझा? त्याच्याकडे जा!"

तिचा सल्ला चांगल्या मनाचा होता. मला विचाराल तर त्यानं तो ऐकायला नको होता.

धाकटा घरी खिडकीशी बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला शिकत होता. त्याची बायको आत कपडे धूत होती. थोरल्यानं खुर्चीही ओढली नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मी पाहिलं होतं. तुझा हात आत होता, मी पाहिलं होतं."

धाकट्याचं बोट बटणावर थांबलं. "दादा, गप्प बस."

"मला हवं होतं ते. नवं मशीन तुला मिळू नये म्हणून. आणि आजचं नाही हे. बाबा तुला खांद्यावर घ्यायचे आणि मला पिशवी धरायला लावायचे, तेव्हापासूनचं..."

"मला माहीत आहे."

थोरल्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तू माझ्याकडे कसा बघतोस ते मला दिसत नव्हतं? दिसत होतं. तरी सतरा वर्षं रोज तुझ्या पात्याखाली हात घातला. कारण तुझ्या मनात काही का असेना, तू थांबायचास. रोज थांबायचास. मला तेवढं पुरत होतं. बोटं गेली तरी मी स्वतःला सांगितलं, एक दिवस चुकला बिचारा. तेवढ्यावर मी जगलो असतो रे! आणि तू हे घेऊन आलास. स्वतः हलका व्हायला आलास. आता मी हे कुठे ठेवू?"

बोलता बोलता तो उठला आणि बँडेज बांधलेला तोच हात त्यानं थोरल्याच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, पाचदा. टाके उसवले, पांढरी पट्टी लाल झाली. थोरल्याचा ओठ फाटला. दोघांचं रक्त एकाच सदऱ्यावर उडत होतं. थोरला मार खायलाच आला होता, तो खुशाल खात होता. सहाव्या फटक्याला मात्र त्याचा हात वर आला. त्यानं तो जखमी हात मनगटाशी नाही, पट्टीवरच पकडला आणि जोर लावून दाबला.

आता धाकटा ओरडला. महिन्याभरात पहिल्यांदाच ओरडला.

थोरल्याला हात दिसत होता, पट्टीतून निथळणारं रक्त दिसत होतं, भावाचे पांढरे पडलेले डोळे दिसत होते. सोडायचं कसं तेही त्याला माहीत होतं. त्यानं आणखी दाबलं. ओल्या हातांनी धावत आलेली धाकट्याची बायको त्याच्या दंडाला लोंबकळून किंचाळत होती, "दादा, सोडा! मरतील ते! अहो, सोडा ना!"

शेवटी तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तेव्हा त्याची बोटं सुटली. धाकटा भिंतीशी गळून पडला. ती नवऱ्याला पोटाशी धरून ओरडली, "काय झालं काय तुम्हाला?"

थोरला दारात उभा राहून धापा टाकत होता, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.