व्हर्लीननं विकत घेतलेलं पिस्तूल

व्हर्लीन माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. आमच्या काउंटीतली निम्मी माणसं लहानपणी तिच्या हातचं जेवली आहेत, रॉइस हॅडलीची मुलंसुद्धा.

तिला एकच मुलगी, टॅम्रा. टॅम्राचा नवरा ड्वाइट तिला मारायचा. घटस्फोट झाला तरी तो पिच्छा सोडेना, तेव्हा कोर्टानं त्याला तिच्या आसपास फिरकायला आणि बंदूक बाळगायला मनाई केली. दुकानात गेला असता तर त्याचं नाव तपासलं गेलं असतं आणि तिथल्या तिथं नकार मिळाला असता. तो दुकानात गेलाच नाही. शनिवारी जत्रेच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं रॉइस आपल्या संग्रहातली पिस्तुलं एका टेबलावर मांडून बसायचा. एका माणसानं घरचं पिस्तूल दुसऱ्याला विकलं, तर आमच्या मिझुरी राज्यात कुणी चौकशी करत नाही. ड्वाइटनं त्याच्याकडून एक घेतलं. टॅम्रा दातांच्या दवाखान्यात कामाला होती. त्यानं तिला तिथं दारातच गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही संपवलं. व्हर्लीननं शिव्या घालाव्यात असंसुद्धा कुणी उरलं नाही.

उरला तो रॉइस. पण त्याच्याकडे कागद होता. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून तो एका छापील कागदावर सही घ्यायचा: मी याच राज्यात राहतो, बंदूक बाळगायला मला कायद्यानं बंदी नाही. ड्वाइटनं सही केली होती. शेरीफ चौकशीला गेले तेव्हा रॉइसनं तो कागद पुढे केला, आणि प्रकरण तिथंच मिटलं. खोटं ड्वाइट बोलला, रॉइसनं विश्वासानं विकलं. जाणूनबुजून विकलं असेल तरच कायदा विकणाऱ्याला धरतो.

ड्वाइटवरची बंदी आमच्या न्हाव्यालाही ठाऊक होती. रॉइस आणि ड्वाइट एकाच चर्चमध्ये एका बाकावर बसायचे. पण ठाऊक होतं हे सिद्ध कसं करणार?

टॅम्राला मूठमाती दिली त्या दिवशी रॉइसची बायको ओना कोंबडी-भाताचं भांडं घेऊन आली होती. रॉइस टोपी हातात धरून व्हर्लीनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "त्यानं सही केली होती, व्हर्लीन." सगळे गेल्यावर ती भांडं घासत होती. त्यातला भात तिनं कुणाला खाऊ दिला नव्हता, कुत्र्यालासुद्धा नाही. घासता घासता मला म्हणाली, "चुकलं म्हणाला नाही गं तो. सही केली होती म्हणाला."

त्यानंतर वर्षभर तिनं रॉइसचं नाव काढलं नाही. मला वाटलं, निवळली.

मग एका शनिवारी तिनं मला गाडी काढायला सांगितली. एकटीनं राहायची भीती वाटते, म्हणाली, पिस्तूल बघू या. मी चमकले. तिला पिस्तूल घेता येत नाही हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. एकोणीस वर्षांची असताना ती एका लाकडाच्या वखारीत कामाला होती. तिथं तिनं मालकाच्या सहीचे खोटे चेक लिहिले होते. तुरुंगात जावं लागलं नाही, पण गुन्हा मोठ्यांत मोडतो, तो आयुष्यभर चिकटतो. तिचा नवरा गेला तेव्हा त्याच्या शिकारीच्या बंदुका आम्ही मुद्दाम आमच्या घरी आणून ठेवल्या होत्या. मी हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, तू फक्त सोबत उभी राहा.

तिला येताना पाहून रॉइस उठून उभा राहिला. वर्षभरात तो वाळला होता, हनुवटीवरचे खुंट पांढरे झाले होते. तिनं भीतीची गोष्ट सांगितली. त्याचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. त्यानं टेबलावरचं सगळ्यात चांगलं छोटं पिस्तूल उचललं आणि पैसे नकोत म्हणाला. व्हर्लीननं नोटा टेबलावर ठेवल्या.

"विकतच घेणार. आणि कागदही कर, सगळ्यांचा करतोस तसा."

"तुझा कसला कागद, व्हर्लीन?"

"कर म्हणते ना."

त्यानं छापील कागद काढला. तिनं चष्मा लावून तो सावकाश वाचला. 'बंदी नाही' मधल्या 'नाही'वर पेनानं रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आहे'. मग त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोट्या चेकची केस आहे माझ्यावर, रॉइस. जुनी आहे, पण आहे. कायद्यानं मला हे घेता येत नाही. दुकानदार देणार नाहीत."

ती काय करतेय ते तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मी तिचा कोपर धरला. तिनं तो सोडवून घेतला.

रॉइस कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा तू पोर होतीस. आता कोण विचारतंय? हे लिहायला नको होतंस पण."

"कागदावर मी पुन्हा खोटं लिहायची नाही. तुला चालत नसेल तर सांग, मी जाते."

त्याला नाही म्हणता आलं असतं. तिनं त्याला पुरेसा वेळही दिला. पण एकदा बाईचं सगळं हिरावलं गेलं, आता निदान तिला झोप तरी लागू दे, असंच त्याच्या मनात आलं असणार. तिनं सही केली, आणि तिच्या सांगण्यावरून खाली विकणारा म्हणून त्यानंही केली. मी साक्षीदार म्हणून सही करावी असं व्हर्लीन म्हणाली. मी केली. पिस्तुलाबरोबर तो कागदही तिनं पर्समध्ये टाकला.

गाडीत बसल्यावर तिनं घरी जायचं नाही म्हणून सांगितलं. आम्ही थेट शेरीफच्या कचेरीत गेलो. तिनं पिस्तूल आणि कागद टेबलावर ठेवला आणि आपला गुन्हा सांगितला, मग त्याचा. शेरीफनी दार लावून घेतलं. हे परत नेऊन दे, कागद फाड, मी काही बघितलं नाही, असं ते पुनःपुन्हा समजावत होते. तू स्वतः आत जाशील, म्हणाले.

"जाईन की," व्हर्लीन म्हणाली. "एकटी मात्र जाणार नाही."

ते ऐकेनात, तेव्हा तिनं शहरात जाऊन केंद्र सरकारच्या वकिलाला गाठलं. त्या तरुण बाईनं कागद दोनदा वाचला. मग केस उभी राहिली.

कोर्टात रॉइसच्या वकिलानं सांगितलं की माझ्या अशिलाला दया आली. न्यायाधीशांनी विचारलं, बंदी आहे हे या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का? रॉइस हो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. व्हर्लीनला नऊ महिन्यांची कैद झाली, त्याला दोन वर्षांची. त्याचा सगळा संग्रह सरकारनं नेला. बापाकडून आलेली शिकारीची बंदूकही त्यातच गेली. आता तिच्यासारखाच तोही उभ्या जन्मात बंदुकीला हात लावू शकणार नाही. शिक्षा ऐकल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. व्हर्लीननं नजर चुकवली नाही.

गावात दोन तट पडले. काही बायका अजून मला ओळख दाखवत नाहीत. तिच्या दुःखाचा ज्याला कळवळा आला त्यालाच तिनं फशी पाडलं, म्हणतात. एक दिवस ओना माझ्याकडे आली, ओट्यापाशी उभीच राहिली. म्हणाली, त्याला रात्र रात्र झोप नव्हती, तिला देता येईल असं एवढंच त्याच्याकडे होतं. मी कॉफी केली. तिनं ती घेतली नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी मी तुरुंगात जाऊन व्हर्लीनला हे सांगितलं. तिथंही तिला स्वयंपाकघरातच काम मिळालं होतं, हातावर तेल उडाल्याचे डाग होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कळवळा यायला उशीर झाला त्याला," ती म्हणाली. "ड्वाइट टेबलापुढे उभा होता तेव्हा थोडा यायला हवा होता. माझ्या पोरीचा."

वाईट वाटतं का, मी विचारलं.

"ओनाचं वाटतं," ती म्हणाली. मग तिनं माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि पुढच्या वेळी येताना लोकरीचे मोजे आण म्हणाली.