स्वतःच्या निष्काळजीपणामुळे

पाणबुडीतल्या स्फोटात रविराज गेला, तेव्हा सातपूरला त्याच्या वडिलांच्या, निवृत्तीच्या दारात उभं राहायला जागा नव्हती. चौकाचौकात फ्लेक्स लागले, 'अमर रहे'च्या घोषणा झाल्या. ज्यांनी रविराजला जन्मात कधी ओळख दिली नव्हती, तेही डोळे पुसत फोटोत पुढे आले. रडता रडता निवृत्तीला पोराचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला!

पाच महिन्यांनी चौकशीचं पत्र आलं, इंग्रजीत. रविराजची बहीण सायली ते मराठीत सांगू लागली. बॅटरीच्या कप्प्यात गॅस साठला होता. तो न तपासता रविराज आत गेला, ठिणगी पडली. "आणि अपघात झाला तो..." ती अडखळली.

"मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे," निवृत्ती म्हणाला.

"पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

कळणार नाही तर काय! अकरा वर्षांपूर्वी हेच वाक्य त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तेव्हा तो कारखान्यात सुपरवायझर होता. क्रेनची साखळी झिजलीय, असं काळू नावाच्या कामगाराने दोनदा सांगितलं. निवृत्तीने वर कळवलं. वरचे 'बघू' म्हणाले आणि बघत बसले. साखळी तुटली, काळू लोखंडी प्लेटखाली सापडून मेला. साहेबांनी निवृत्तीला केबिनमध्ये चहा पाजला आणि रिपोर्टात काय लिहायचं ते सांगितलं. त्याने ते वळणदार अक्षरात लिहून दिलं. नोकरी टिकली.

शेवटच्या फोनवर रविराज म्हणाला होता, "पप्पा, गॅस बाहेर काढायचा पंखाच बंद आहे. मी आणि वाल्मीकने तीनदा सांगितलं, कोणी ऐकतच नाही." वाल्मीक त्याच्याच पाणबुडीवरचा, या घरात दोनदा जेवून गेलेला. निवृत्तीने त्याला फोन लावला. "पंख्याचं तेवढं लिहून दे बाबा. माझ्या पोराचं नाव तरी धुऊन निघेल."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग वाल्मीक म्हणाला, "काका, मला त्या पंख्याचं काही माहीत नाही." आणि फोन कट.

निवृत्तीने त्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. पण प्रत्येक शिवी आपल्यालाच लागू पडतेय, हे लक्षात आलं तसा तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळूच्या आईकडे गेला. चतुराबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. रविराजचं, पत्राचं, साखळीचं. "मावशी, काळूची काही चूक नव्हती. मी तसं आता लिहून देतो. सही करून देतो."

"आता? रिटायर झाल्यावर?" ती म्हणाली. "साखळीचं मला काळूनंच सांगितलं व्हतं. वरीसभर तुमची वाट पाह्यली मी. वाटायचं, निवृत्तीभाऊ येतील, खरं बोलतील."

हातातली शेंग सोलून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या पोराचं खरं कुणाला ठावं हाय?"

"आहे एक जण. बोलत नाही."

"त्याला लेकरू?"

"मुलगी आहे. दोन वर्षांची."

"मंग बोलंल की," चतुराबाईने पुढची शेंग उचलली. "ती मेल्यावर."