हरवलेलं लॉक

“म्हणजे मी निर्दोष?” कृष्णातने पुन्हा विचारलं.

“निर्दोष नाही हो दादा, खटलाच बंद,” उज्वला वकील म्हणाल्या. “पोलिसांनी ते लॉक तपासायला पाठवलंच नाही, भंगारात विकून टाकलं. आता तुम्ही बचाव कशाच्या जोरावर करणार? हायकोर्ट म्हणालं, असा खटला चालवणं हाच अन्याय. पेढे आणा, पेढे!”

“आणि आपला खर्च?”

“मागितला होता. नाही म्हणाले. ज्याचा त्याने सोसायचा.”

करंजाड्यातलं घर त्या खर्चातच गेलं होतं. पण आत्ता कृष्णातच्या डोळ्यांपुढे घर नव्हतं, लॉक होतं. सात वर्षांपूर्वी नेरूळच्या एका सोसायटीत, लिफ्टच्या चौथ्या मजल्यावरच्या दाराला त्याने ते नवं बसवलं होतं; लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू न देणारं. त्याच आठवड्यात लिफ्ट तळाला असताना ते दार उघडलं आणि वॉचमन हौसेरावांनी आत पाय टाकला तो थेट खाली; ते जागीच गेले. स्क्रू सैल राहिला होता, की कुणी दार उचकटलं होतं? लॉकवरच्या ओरखड्यांवरून ते कळलं असतं. एकदा हातात घेऊन त्यालाही बघायचं होतं.

बाहेर कोर्टाच्या पॅसेजमध्ये हौसेरावांच्या बायको, वेणूबाई, बाकावर बसल्या होत्या. इतकी वर्षं तारखेला दोघं कोर्टात समोरासमोर बसत. बोलत मात्र नसत.

“संपली म्हनं केस?”

“हां वहिनी. बंद केली.”

“मग चूक कुनाची हुती, मिस्त्री?”

“ते कुणी बघितलंच नाही.”

“आवं, तुमी तर हुता की. आवळलावता न्हवं त्यो स्क्रू?”

कृष्णात भिंतीला टेकला. “आधी छातीठोक सांगायचो, आवळला म्हणून. पण इतक्यांदा विचारलं लोकांनी... आता म्हणतो, आवळला असंल.”

“असंल,” वेणूबाई म्हणाल्या. “तुमाला आत टाका म्हनत न्हवते मी. निस्तं कळाया पायजे हुतं.”

“मला पण.”

गुडघ्यावर हात रेटून त्या उठल्या आणि जिन्याकडे वळल्या.

“लिफ्ट आहे की, वहिनी.”

“तवापास्नं चढले न्हाई मी त्यात.”

त्यानेही लिफ्टचं काम सोडलं होतं. आता सोसायट्यांचे पंप दुरुस्त करायचा. तरी त्याने बटण दाबलं. इमारत जुनी, दार हाताने ओढायचं. लिफ्ट येऊन थांबली, आतलं लॉक खट्‌कन वाजलं. कृष्णातने दार वीतभर उघडलं आणि खाली बघितलं. फरशी होती. तरीही त्याने आधी एकच पाय आत ठेवला, त्यावर सगळा भार दिला, मग दुसरा घेतला. पाठीने दार अडवून धरत तो म्हणाला, “या.”

वेणूबाईंनी लुगडं घोट्यावर उचललं. त्याचा पाय जिथे पडला होता ती जागा नीट बघून घेतली, आणि बरोबर तिथेच पाऊल टेकवलं.