काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची चहादाणी आहे. निळ्या अंगावर पांढरी कापसाची बोंडे. ताश्कंदच्या भट्टीत भाजून निघाले आणि माझ्या मालकीणबाई बुरुलआपांच्या लग्नात नारीनच्या डोंगरात आले. एकदा तोटीचे टोक फुटले. आपांनी मला टाकले नाही, बाजारातून पत्र्याचे टोक बसवून आणले. तेव्हापासून मी तशीच ओतते आहे.

आमच्याकडे पाहुण्याला प्याला अर्धाच देतात. अर्धा म्हणजे, बसा, पुन्हा ओतू. काठोकाठ भरला म्हणजे, प्या आणि उठा. तोंडाने कोणी कोणाला घालवत नाही, प्यालाच सांगतो. म्हणून त्या रविवारी जे घडले, ते आठवले की आजही माझे झाकण थडथडते.

आपांची सून गुलझिना भांडून शहरात निघून गेली होती, दोन लहान लेकरे मागे टाकून. वर्षाने परत आली, तेव्हा आपांनी दारातच तिच्या हातावर कोमट पाणी घातले आणि तिला आत घेतले. झाल्या गोष्टीबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. पण गुलझिनाला ती क्षमा खरीच वाटेना. पहाटे गोठा, दिवसभर लोकर, हाताला भेगा. घरातले सगळे येशूला मानणारे. रविवारी आमच्याच खोलीत प्रार्थना होई आणि प्रभूच्या आठवणीची भाकर हातोहात फिरे. भाकर गुलझिनापाशी आली की ती न तोडता पुढे सरकवायची.

"अजून माझं फेडून पुरं झालं नाही," ती म्हणायची.

त्या रविवारी सकाळी ती चुलीपाशी आपांना म्हणाली, "आपा, बर्फ वितळलं की मी जाते. कितीही राबले तरी पुरं पडत नाही." आपा चुलीत लाकूड सारत राहिल्या. मला मात्र दिसत होते, लेकरे पुन्हा पोरकी होणार होती.

प्रार्थना झाली, भाकर फिरली, गुलझिनाने ती पुढे सरकवली. मग चहा. ओतायचे काम सुनेचे आणि ओतणारीची जागा दारापाशी, म्हणून ती तिथे बसलेली. शेजारचे एसेन आजोबा म्हणाले, "बुरुल, तुझी सून पाठ टेकते तरी का कधी? का उभ्यानेच झोपते?"

आपा उठल्या. त्यांनी मला गुलझिनाच्या हातातून काढून घेतले. सासूने सुनेला चहा ओतायचा! मी हबकलेच. त्यांनी प्याला धरला, मला कलते केले, आणि अर्ध्यावर थांबल्याच नाहीत. चहा काठाला आला आणि बशीत सांडला.

एसेन आजोबांच्या हातातला घास हातातच राहिला. "आई, हे काय करतेस!" आपांचा मुलगा, गुलझिनाचा नवरा, कुबात ओरडला. गुलझिना उठली आणि खुंटीवरच्या कोटाकडे वळली. अरे देवा, माझ्याच तोटीतून हिला घराबाहेर काढले, असे मला वाटले. माती होऊन जावे असे झाले.

"कुठे निघालीस? बस खाली, वेडे!" आपा कडाडल्या. "अर्धा प्याला पाहुण्याला. तू काय पाहुणी आहेस?"

"पण आपा, मी अजून..."

"अजून काय? वधस्तंभावर प्रभू काम अर्धं टाकून गेला होय? उरलेलं आपण शेण काढून पुरं करायचं म्हणून? माझं पाप, तुझं पाप, त्यानं सगळं एकदाच उचललं. बघ या प्याल्याकडे. यात घाल आणखी एक थेंब!"

गुलझिना प्याल्याकडे बघत राहिली. जागाच नव्हती. मग ती तिथेच खाली बसली आणि हुंदके देत चहा प्याली. धाकटी तिच्या मांडीवर चढली. थोड्या वेळाने गुलझिनाने हात पुढे केला आणि म्हणाली, "ती भाकर इकडे द्या."

तिने भाकर तोडली आणि खाल्ली. डोळे पुसले, मला उचलले आणि सासूचा प्याला काठोकाठ भरला.

"घ्या! आता सून सासूला हाकलतेय!" एसेन आजोबा म्हणाले, आणि सगळे हसत सुटले.

बर्फ वितळले. कोट खुंटीवरच राहिला.

मित्रांनो, टवका उडालेल्या भांड्याला जपा. आणि तुमच्या घरात क्षमा मिळूनही कोणी दारापाशीच बसून असेल, तर त्याचा प्याला अर्धा ठेवू नका. थोडे सांडले तर सांडू द्या.